मदत हवी आहे: पाखाडीवर पाच इंची टाचा?

मंडळी, बहिणीचं लग्न वैशाखात, गुहागरजवळ आमच्या घरीच. मुंबईच्या मावसबहिणींनी तिच्या डोक्यात भरवलंय की रिसेप्शनला पाच इंची पेन्सिल हीलच हवी, चवड्याखाली जाड तळ म्हणजे प्लॅटफॉर्मसकट. मागच्या लग्नात तीन इंच म्हणजे डोक्यावरून पाणी होतं! आता तीन इंचाला ‘फ्लॅट’ म्हणतात म्हणे.

रस्त्यावरून घरापर्यंत जांभ्याची पाखाडी, एक पायरी दुसरीसारखी नाही. पुढे शेणाने सारवलेलं खळं, म्हणजे आमचं अंगण. १९५०च्या दशकात टाचेच्या आत पोलादी दांडी घालायला लागले, म्हणून ती एवढी बारीक करता आली. पण सगळा भार नखाएवढ्या जागेवर येतो, खळ्याला भोकंच पडणार. आजी आत्ताच म्हणतेय, “सारवायला तीच येणार का?”

शिवाय मांडवात चपला काढायच्याच. टाचा घालून नेसलेली साडी त्या काढल्यावर जमिनीवर लोळते. हे कुणी कसं सांभाळलंत?

ब्लॉक हील (जाड, ठोकळ्यासारखी टाच) किंवा वेजवर (टाचेपासून पुढे सलग भरीव तळ) तिचं मन वळवायचंय, पण जोड आधीच घेऊन झालाय (माझा सल्ला कोण विचारतो!). टाचेला लावायच्या प्लॅस्टिकच्या टोप्या सारवलेल्या जमिनीवर टिकतात का? आणि चिपळूण-रत्नागिरीकडे टाच थोडी कापून देणारा चांगला चांभार कुणाला माहीत आहे का? फार कापली तर चवडा वर उचलला जातो आणि चाल बिघडते, तेव्हा जाणता माणूसच हवा.