आतली तपासणी: दुखणं गृहीत का धरायचं?

निळी_शाई (धागाकर्ती)

आतली तपासणी म्हटलं की कितीतरी जणींच्या पोटात गोळा येतो. काही जणी वर्षानुवर्षं टाळतात आणि त्रास हाताबाहेर गेल्यावरच दवाखाना गाठतात. टेबलावर आडवं झाल्यावर ऐकू येतं, "ढिलं सोडा." सांगून कोणाचे स्नायू ढिले पडतात? भीती वाटली की मांड्या, पोट, योनीभोवतीचे स्नायू आपोआप आवळले जातात. त्यातून स्पेक्युलम (योनी उघडून आत पाहायचं दोन पात्यांचं साधन) सरकवलं की दुखतं, आणि पुढच्या खेपेला ती आठवण शरीर आधीच आवळून धरते. यात बाईच्या नाजूकपणाचा काही संबंध नाही.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. तपासणी थांबवण्याचा हक्क बाईकडे असावा, आणि तो तिला कपडे उतरवण्याआधी सांगितला जावा. "हात वर करा, मी त्याच क्षणी थांबेन," असं म्हणायचं आणि खरंच थांबायचं. बाकीच्या गोष्टी साध्या आहेत: आधी लघवीला जाऊन येऊ देणं, धातूचं स्पेक्युलम कोमट करणं, लहान माप हाताशी ठेवणं, डोक्याकडची बाजू उंच करणं, अंगावर चादर. पाय स्टिरपमध्ये, म्हणजे टेबलाच्या पाय ठेवायच्या कड्यांत, अडकवायलाच हवेत असंही नाही. २००६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात स्टिरपशिवाय तपासलेल्या बायकांना त्रास कमी झाला आणि असहायही कमी वाटलं. मग हे सर्रास का होत नाही?

पहाटवारा

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. हेतू पटतो, आग्रह पटत नाही. बहुतेक तपासण्या दोन-तीन मिनिटांत उरकतात. आधी दहा मिनिटं दुखण्यावर बोललं तर जिला भीती नव्हती तीही घाबरते. शिवाय अर्धवट थांबलेली तपासणी म्हणजे पुन्हा यायचं, पुन्हा तेच टेबल. तिच्या दृष्टीनं हे जास्त वाईट नाही का? सफाईदार हात हेच खरं वेदनाशामक. स्पेक्युलम मागच्या भिंतीकडे दाब ठेवून आत न्यायचं, कारण पुढे मूत्रमार्ग असतो आणि तिथे फार दुखतं. काढताना पाती गर्भाशयमुखापासून सुटल्यावरच मिटू द्यायची, नाहीतर चिमटा बसतो. एवढं नीट केलं तर व्याख्यान लागत नाही.

निळी_शाई

@पहाटवारा, व्याख्यान मीही मागत नाही. "आता टोचेल, घाबरू नका" यानं भीती वाढते, मान्य. पण "आता माझा हात मांडीला लागेल", "आता खालच्या बाजूला दाब जाणवेल" हे प्रत्येक स्पर्शाआधी सांगायला वेगळा वेळ लागत नाही, ते हाताबरोबरच चालतं. आणि जेलचं काय? पॅप स्मिअरला (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन करायची कॅन्सरची चाचणी) जेल नको, नमुना बिघडतो, म्हणून स्पेक्युलम कोरडंच घातलं जातं. पाण्यावर आधारित जेल पात्यांना बाहेरून थोडंसं लावलं तर नमुन्यात सहसा अडचण येत नाही आणि दुखणं कमी होतं, हे अनेक अभ्यासांत दिसलंय.

पहाटवारा

जेलबद्दल सहमत. जुनी सवय आहे, सोडायला हवी.

तुळसवृंदावन

वयानं मोठी आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. आम्ही बाळंतपणाच्या कळा सोसल्या, या तपासण्याही निमूट करून घेतल्या. पाच मिनिटांच्या गोष्टीचा एवढा बाऊ केला तर मुली तपासणीलाच जायच्या नाहीत आणि कॅन्सर उशिरा कळेल. भीती कमी करायची तर तिची चर्चाही कमी करावी.

अबोली

काकू, मुली जात नाहीत त्या चर्चेमुळे नाही, आधीच्या अनुभवामुळे. मला व्हजायनिस्मस आहे, म्हणजे काहीही आत जाणार म्हटलं की योनीचे स्नायू घट्ट मिटतात. एका दवाखान्यात नर्सनं गुडघे धरून ठेवले होते. त्यानंतर मी तपासणीचं नावच टाकलं. पुढे ज्या डॉक्टर भेटल्या त्यांनी पहिल्या भेटीत तपासलंच नाही. दुसऱ्या भेटीत प्लास्टिकचं छोटं स्पेक्युलम माझ्या हातात दिलं. स्क्रू फिरवला की पाती कशी उघडतात, कट् असा आवाज कुठून येतो, ते मी उघडझाप करून पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "तुम्हीच आत घालता का? दिशा मी सांगते." मी घातलं. दुखलं, पण ते माझ्या हातात होतं. @पहाटवारा, तुम्ही म्हणता तसं पुन्हा यावं लागलं. मी आनंदानं गेले.

मुद्देसूद

तपासणी कशी करावी यावर सगळे बोलताहेत, हवीच का हे कोणी विचारत नाही. काही तक्रार नसलेल्या, गरोदर नसलेल्या बाईची नेमानं आतून तपासणी करू नये, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१४ मध्येच सांगितलं (कॅन्सरची चाचणी हा वेगळा विषय). गर्भनिरोधक गोळ्या सुरू करायलाही आतली तपासणी लागत नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) शोधणाऱ्या डीएनए चाचणीला पहिली पसंती दिली. तिचा नमुना बाई स्वतः घेऊ शकते, स्पेक्युलमविना. नको ती तपासणी न करणं हा वेदना टाळण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग नाही का?

पहाटवारा

अर्धं बरोबर. स्वतः घेतलेला नमुना पॉझिटिव्ह आला तर पुढे बहुतेक वेळा स्पेक्युलम घालून पाहावंच लागतं. अवेळी रक्तस्राव, संबंधानंतरचा रक्तस्राव, ओटीपोटात सतत दुखणं, अशा वेळी तर न बघता औषध देणं धोक्याचं. "तपासणी नकोच" एवढंच वाचून कोणी घरी बसू नये.

निळी_शाई

@तुळसवृंदावन, तुमच्या सोसण्याला कमी लेखत नाही. पण पाळी गेल्यावर योनीचं अस्तर पातळ आणि कोरडं होतं, त्यामुळे पूर्वी न दुखलेली तपासणी नंतर दुखू शकते. डॉक्टरांच्या सल्ल्यानं आधी काही आठवडे योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम वापरलं तर फरक पडतो. हे विचारणं म्हणजे बाऊ नव्हे.

तुळसवृंदावन

क्रीमचं ठाऊक नव्हतं, विचारीन. बाकी मत तेच.

रानजाई

कॉपर-टीबद्दल कोणीच कसं बोललं नाही? ती बसवताना गर्भाशयमुख चिमट्यानं धरतात, मग आत सळई घालून गर्भाशयाची खोली मोजतात. आणि तरी "जरासं दुखेल" एवढ्यावर भागवतात. काही जणींना खरंच जरासंच दुखतं, पण काहींना घेरी येते. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं २०२४ मध्ये लिडोकेनचा (जागा बधिर करणारं औषध) उपयोग होऊ शकतो असं सांगितलं आणि वेदनेबद्दल प्रत्येकीशी आधी बोलायला सांगितलं. २०२५ मध्ये तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही भूल देण्याचे पर्याय समोर ठेवायला सांगितलं. ही यंत्रणा इतक्या उशिरा जागी झाली याचा मला राग येतो. आजच्या स्पेक्युलमच्या इतिहासात ज्याचं नाव येतं, त्या मेरियन सिम्स या अमेरिकन डॉक्टरनं १८४० च्या दशकात अलाबामात अनार्का, बेट्सी, ल्युसी अशा गुलाम स्त्रियांवर भूल न देता वारंवार शस्त्रक्रिया केल्या. बाई सोसू शकते हे तेव्हापासून धरूनच चाललेत.

पहाटवारा

सिम्सचा हिशेब आजच्या डॉक्टरांच्या माथी मारू नका. लिडोकेनचं इंजेक्शन गर्भाशयमुखाजवळ देतात, तेही टोचतं, आणि काही जणी विचारपूर्वक नको म्हणतात. आयबुप्रोफेनच्या गोळीनं नंतरच्या कळा कमी होतात, बसवतानाच्या वेदनेवर तिचा फारसा उपयोग नाही. पर्याय सांगावेत, हे मान्य. पण इंजेक्शन घेतलं म्हणजे काहीच दुखणार नाही, असं कोणी धरून चालू नये.

अबोली

पर्याय सांगून "नको" ऐकणं आणि मुळात न सांगणं, यात फार अंतर आहे.

मुद्देसूद

लैंगिक अत्याचारातून गेलेल्या बायकांचं काय? त्यांनी आधी सगळं सांगावं ही अपेक्षाच जाचक आहे.

निळी_शाई

म्हणून तर प्रत्येकीला सरसकट विचारावं, "मी काळजी घ्यावी असा पूर्वीचा काही अनुभव आहे का?" हो किंवा नाही एवढं उत्तर पुरे, तपशील मागायचा नाही. सोबत कोण हवं, कोण नको, हेही तिनंच ठरवावं.

पहाटवारा

हा प्रश्न मी उद्यापासून विचारेन. थांबण्याबद्दल मात्र माझी अडचण कायम आहे. जोराचा रक्तस्राव होत असताना बाई "थांबा" म्हणाली तर मी हात थांबवेन, दुखणं कमी करायला औषध देईन, न पाहिल्यास काय होऊ शकतं ते स्पष्ट सांगेन. त्यावरही ती नाहीच म्हणाली तर? तिच्या जिवाची जबाबदारी माझ्यावर असताना हे सोपं नाही, निळी_शाई.

निळी_शाई

सोपं नाहीच. पण शुद्धीवर असलेल्या, समजून-उमजून बोलणाऱ्या बाईचं "नाही" तिथेही मोजलंच पाहिजे. तुम्ही आत्ता सांगितलेल्या पायऱ्या आधी झाल्या, तर तेवढी वेळ क्वचितच येईल असं मला वाटतं.