मदत हवी आहे: सादळलेला जलरंगाचा कागद वाचवता येईल का?

मंडई, तुळशीबाग, लकडी पूल अशी पुण्याची दृश्यं जागेवर बसून जलरंगात करतो. कागद ३०० जीएसएम, शंभर टक्के कॉटन. पावसाळ्यात कपाटात सादळला. कोरा असताना काही दिसत नाही, पण वॉश (पातळ रंगाचा हात) दिला की टीपकागदासारखा रंग पितो आणि आभाळात गडद ठिपके उमटतात. (मंडईच्या भिंतीवर खपून जातात, आभाळात नाही!) म्हणजे साइझिंग (कागदाने पाणी लगेच शोषू नये म्हणून दिलेला थर) गेलं असणार.

उन्हात वाळवला, सिलिका जेलसोबत ठेवला, फरक शून्य. नवीन घेणं परवडणारं नाही, २२ बाय ३० इंचाचे ३० ताव आहेत. ग्वाश (अपारदर्शक जलरंग) नको, ऑर्डर पारदर्शक जलरंगाचीच आहे.

पुन्हा साइझिंग करायला जिलेटिनचा हात घरी कुणी दिलाय का? एक लिटर पाण्याला किती ग्रॅम, आणि तुरटी घालायची की नाही?