सायकल घेताना हात लहान असतील तर आधी शिफ्टर (ब्रेक-गिअरचा लिव्हर) बघा, फ्रेम नंतर

डोंगरवाट :
माझी उंची पाच फूट, पंजा त्याच मापाचा. सिंहगडावरून उतरताना हूड्सवर, म्हणजे लिव्हरच्या वरच्या रबरी मुठींवर, हात ठेवले की ब्रेक लिव्हरला तर्जनीचं जेमतेम पहिलं पेर टेकतं. चार वळणांत मनगट भरून येतं, मग कडेला थांबून हात झटकायचे. गिअरचंही तेच. माझ्या शिमानो कंपनीच्या शिफ्टरमध्ये एका दिशेने गिअर बदलायला अख्खा ब्रेक लिव्हर आत ढकलावा लागतो आणि बोट घसरतं. मैत्रिणीच्या सायकलला स्रॅम कंपनीचं डबलटॅप शिफ्टर आहे. त्यात ब्रेक लिव्हर आडवा हलतच नाही. मागची एकच पाती, थोडी ढकलली की गिअर एका दिशेने बदलतो, जास्त ढकलली की दुसऱ्या. दुकानात म्हणाले होते, सवय होईल. दोन वर्षं झाली, नाही झाली. मी शिफ्टर बदलणार.

पानापक्कड :
ताई, नाही पटलं. स्रॅमचा शिफ्टर शिमानोच्या डिरेलरशी (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) जुळत नाही, दोघांची केबल ओढायची मापं वेगळी. म्हणजे डिरेलरही बदला. त्याआधी लिव्हर जवळ घेऊन पाहिलात का? शिमानोच्या टियाग्रा ४७००, १०५ आर ७००० या शिफ्टरना त्यासाठी छोटा स्क्रू असतो. फक्त लिव्हर आत घेतला की ब्रेकची केबल पुन्हा ताणून घ्यायची. नाहीतर पॅड रिमला नीट आवळायच्या आत लिव्हर हँडलबारला भिडेल, आणि घाटात ते जिवावर बेतेल. कमी रीचचा, म्हणजे पुढे कमी जाणारा, हँडलबार टाकलात तर आणखी फरक पडेल.

तीन बाय अकरा :
स्क्रूनं सगळं भागत असतं तर शिमानोनं १०५ मध्येच लहान हातांसाठी वेगळा हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावरच्या ब्रेकचा) शिफ्टर, एसटी-आर ७०२५, कशाला काढला असता? तिची तक्रार खरी आहे. ऐपत असेल तर डीआय-टू, शिमानोचे विजेवर चालणारे गिअर, बघा. तिथे लिव्हर ढकलायचा प्रश्नच नाही, बटण दाबलं की गिअर पडतो.

पानापक्कड :
आर ७०२५ चा मुद्दा मान्य. पण डीआय-टूनं गिअर सुटतील, ब्रेकपर्यंत बोट पोचायचं कोडं तसंच राहील. आणि तीव्र उतारावर हूड्सवरून ब्रेक मारूच नका. ड्रॉप्समध्ये, म्हणजे हँडलबारच्या खालच्या वळलेल्या भागात, हात घ्या, लिव्हर टोकाकडे धरता येतो, कमी जोरात जास्त ब्रेक लागतो.

डोंगरवाट :
दादा, ड्रॉप्समधून तर माझ्या बोटांना लिव्हर आणखी लांब पडतो, म्हणून मी तिथे हातच नेत नाही. स्क्रूचं मात्र मला कुणी सांगितलंच नव्हतं. सायकल विकताना पाच मिनिटं काढून हे करून द्यायला काय हरकत होती? दोन वर्षं उतारावर जीव मुठीत धरून चालवली. रविवारी सकाळी गडाच्या पायथ्याशी येता का? माझी सायकल आणते, मैत्रिणीलाही बोलावते. तुम्ही लिव्हर आत घेऊन द्या, मी दोन्ही सायकलींवर एकेकदा उतरते. मग पुढचं ठरवू.