कंट्रीचा परवाना आणि दिवसभर पॉप

कंट्री या अमेरिकन संगीतप्रकाराचा परवाना असलेलं स्थानिक रेडिओ स्टेशन दिवसभर पॉप लावतं, तर तक्रार चालेल का, असा एक प्रश्न आलाय. स्टेशन अमेरिकेतलं असेल तर नाही. तिथे एफसीसी (रेडिओ परवाने देणारी सरकारी संस्था) परवान्यात संगीतप्रकार बांधून देत नाही. १९८१ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच धोरण मान्य केलं. श्रोत्यांसाठी हा वाईटच निर्णय, असं माझं ठाम मत.

ब्रिटनमध्ये स्थानिक ॲनालॉग (एफएम/एएम) परवान्याला लेखी फॉरमॅट, म्हणजे काय वाजवायचं याची अट, जोडलेला असे. २०२४ च्या मीडिया ॲक्टने ही अट काढायची तरतूद केली, म्हणून आधी ऑफकॉम या तिथल्या प्रसारण नियामकाकडची त्या परवान्याची चालू नोंद पाहा. अट शिल्लक असेल तर तिचा शब्द न् शब्द वाचा. 'मुख्यतः कंट्री' लिहिलं असेल तर अधूनमधून पॉप चालतंच. मग कामाच्या दिवशी सकाळचे सलग तीन-चार तास ऐकून वेळ, गायक आणि गाणं टिपा. रात्रीचा एखादा तास पुरावा म्हणून टिकत नाही. शनाया ट्वेन, टेलर स्विफ्ट अशा कंट्री आणि पॉप दोन्हीत मोडणाऱ्या गायिकांची गाणी वेगळ्या रकान्यात घ्या, कारण खरा वाद तिथेच होतो. स्टेशनला रेकॉर्डिंग ४२ दिवसच जपावं लागतं, त्यामुळे तक्रार लगेच करा आणि तारीख-वेळ अचूक द्या.