शब्दचर्चा: ‘कडू हॉप’, ‘अल्फा’ आणि ‘ड्राय हॉपिंग’

प्रश्न
घरी बिअर करायला नुकतीच सुरुवात करतोय. २० लिटरच्या एका कृतीत असं दिलंय: ‘मॅग्नम २० ग्रॅम, अल्फा १२ टक्के, ६० मिनिटं. कॅस्केड २० ग्रॅम, ५ मिनिटं. कॅस्केड ४० ग्रॅम, ड्राय हॉपिंग.’ हॉप म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं, एवढं कळलंय. पण मॅग्नमला ‘कडू हॉप’ म्हटलंय आणि कॅस्केडला ‘सुवासिक हॉप’. मग कॅस्केड कडू नसतो का? माझ्याकडे फक्त कॅस्केडच आहे. आणि ड्राय हॉपिंग म्हणजे वाळलेले हॉप्स घालणं असेल, तर आधीचे दोन ओले घालायचे का?

प्रतिसाद १
शेवटच्या शंकेपासून सुरू करतो. पाकिटातले हॉप्स झाडून सगळे वाळवलेलेच असतात. ‘ड्राय’ हे हॉप्सचं विशेषण नाहीच. उकळी संपली, धान्याचा गोड काढा गार झाला, यीस्टचा जोर ओसरला, की त्या थंड बिअरमध्ये हॉप्स टाकून तीन-चार दिवस ठेवायचे, याला ड्राय हॉपिंग म्हणतात. मराठीत मी सरळ ‘हॉप्स मुरवणे’ म्हणतो. फार दिवस मुरवले तर ओल्या गवतासारखी चव येते.

मिनिटांचंही एक सांगतो, कारण नवखे हमखास इथे अडकतात. ती उलटी मोजायची. ‘५ मिनिटं’ म्हणजे उकळी संपायला पाच मिनिटं उरली असताना घालायचे. सुरुवातीपासून पाचव्या मिनिटाला घातले तर सुवास सगळा वाफेवर जाईल.

प्रतिसाद २
‘कडू हॉप’ हा शब्दप्रयोग मला पटत नाही. कडू आणि सुवासिक अशा हॉपच्या दोन जाती नाहीत, ती दोन कामं आहेत. हॉपच्या मादी फुलाच्या पाकळ्यांखाली पिवळी, चिकट भुकटी असते, तिला ल्युप्युलिन म्हणतात. पाकिटावर ‘अल्फा’ म्हणून ज्यांचं प्रमाण छापतात ती अल्फा आम्लंही त्यातच असतात आणि सुगंधी तेलंही. अल्फा आम्लं काढ्यात नीट विरघळत नाहीत. बराच वेळ उकळल्यावर त्यांची रेणूरचना बदलते, ती विरघळू लागतात आणि मग कडूपणा उतरतो. तेलांचं नेमकं उलट: ती उकळीत उडून जातात. म्हणून एकच हॉप तासभर उकळला तर कडूपणा देतो, शेवटी घातला तर वास देतो.

आता हिशेब. २० ग्रॅम मॅग्नमचे १२ टक्के म्हणजे २.४ ग्रॅम अल्फा. एक तास उकळून त्यातला साधारण पाव हिस्सा, किंबहुना थोडा कमीच, बिअरमध्ये उतरतो. २० लिटरला ते २८ आयबीयूच्या आसपास जातं. आयबीयू म्हणजे ढोबळमानाने लिटरमागे किती मिलिग्रॅम कडू द्रव्य. तुमच्या कॅस्केडवर अल्फा ६ टक्के छापलं असेल, तर तेवढ्याच कडूपणाला ४० ग्रॅम लागेल. पाच मिनिटांवाल्या २० ग्रॅममधून मात्र जेमतेम ३ आयबीयू मिळतील. आकडा पाकिटावरचाच घ्या. त्याच जातीचा अल्फा दर हंगामात थोडा बदलतो.

प्रतिसाद ३
चव सांगतानाही शब्द जपून वापरावेत. ‘बिअर कडवट झाली’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांची बिअर पुष्कळदा तुरट असते. कडू जिभेला कळतं, तुरटपणाने तोंड कोरडं पडतं. हॉप्सचा पालापाचोळा जास्त झाला की तुरटपणा येतो.

प्रश्नकर्ता
म्हणजे साझ हा झेक हॉपही चालेल? त्याच्या पाकिटावर अल्फा ३ टक्के आहे.

प्रतिसाद २
गणिताने चालेल, ८० ग्रॅम घालावा लागेल. पण मग वर म्हटलेला पालापाचोळा आलाच, शिवाय तो चोथा बरीच बिअर शोषून घेतो. साझ, टेटनांग, श्पाल्ट, हालरटाऊ मिटलफ्रू हे कमी अल्फाचे जुने युरोपीय हॉप्स त्यांच्या सौम्य, मसालेदार वासासाठीच ठेवावेत. कॅस्केड १९७२ मध्ये अमेरिकेत आला, त्याचा वास मोसंबीवर्गीय. पहिल्या बिअरला एकटा कॅस्केड उत्तम. एकाच जातीची बिअर केली की तिचा वास नाकात पक्का बसतो. चार जाती मिसळल्या तर काहीच कळत नाही.

प्रश्नकर्ता
पाकिटावर ‘टी-९०’ आहे. ९० मिनिटं उकळायचं का?

प्रतिसाद १
नाही हो! तो गोळ्यांचा प्रकार आहे. १०० किलो वाळल्या हॉप्सपासून सुमारे ९० किलो गोळ्या, अशा हिशेबातून ते नाव आलं. पाकीट फोडल्यावर उरलेल्या गोळ्या हवाबंद करून फ्रीझरमध्ये ठेवा. हवेत राहिल्या की जुन्या चीजसारखा वास येतो, मग टाकूनच द्या.

प्रतिसाद ३
टाकताना कुत्र्याच्या तोंडाशी येणार नाहीत असं बघा, उकळून झालेला चोथासुद्धा. हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात, ताप भडकून जीव जाऊ शकतो.

आणि मुरवल्यानंतर बाटल्या भरायची घाई नको. हॉप्समधल्या विकरांमुळे उरलेली पिष्टं फुटून साखर होते आणि यीस्ट पुन्हा जागं होतं. याला ‘हॉप क्रीप’ म्हणतात. हायड्रोमीटरचा (बिअरची घनता मोजायच्या नळीचा) आकडा काही दिवस हलत नाही हे पाहूनच झाकणं लावा, नाहीतर बाटल्या फुटतील.