हॉस्पिटलात पंधरा दिवस जायचेत, ब्लॉग बंद पडू द्यायचा नाहीये, कसं जमवू?

चावीवाला:
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात माझं मणक्याचं ऑपरेशन आहे, डॉक्टर म्हणालेत दहा ते पंधरा दिवस धरून चाला, त्यातला पहिला दीड-दोन दिवस आयसीयूत. भीती आहेच पण त्याबद्दल विचारायला आलो नाहीये. प्रश्न जरा बावळट वाटेल. मी गेली नऊ वर्षं चावीच्या घड्याळांच्या दुरुस्तीवर ब्लॉग लिहितो. दर रविवारी एक पोस्ट. तापात चुकली नाही, नोकरी गेली त्या आठवड्यात चुकली नाही. वाचक म्हणाल तर दोन-अडीचशे, पण त्यातले पंधरा-वीस असे आहेत की रविवारी दुपारपर्यंत काही दिसलं नाही तर मेल टाकतात, बरंय ना म्हणून.

बायको म्हणते पाठ उघडणार आहेत आणि तुला रविवारची पडलीये. तिचंही बरोबर आहे. पण नऊ वर्षांत एकदाही न तुटलेली गोष्ट तुटली की मग मी परत बसेन का, याची मला स्वतःचीच खात्री नाही.

तर विचारायचंय असं की आडवं पडून टाइप कसं करतात, आधीच चार पोस्ट लिहून शेड्यूल करून ठेवल्या तर ती वाचकांची फसवणूक होते का, आणि आजारपणाबद्दल लिहावं की घड्याळांवरच राहावं?

दोनबोटी:
दादा, मी चोवीस दिवस काढलेत, पायाचं हाड, दोनदा ऑपरेशन. पहिली गोष्ट, सलाईनची सुई टोचायला सिस्टर येतील तेव्हा तोंड उघडा आणि सांगा की मी उजव्या हाताने लिहितो, सुई डाव्या हाताला लावा, आणि जमलं तर कोपराच्या खोबणीत नको, खाली हाताच्या सपाट भागात. शीर मिळाली तर ऐकतात. माझी कोपरात होती आणि फोन धरायला हात दुमडला की नळी दबायची, पंप कोकलायचा, सिस्टर पळत यायच्या, मी हात सरळ करायचो, त्या बटण दाबून जायच्या, मी परत हात दुमडायचो. तिसऱ्या वेळेला त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते अजून आठवतं.

आडवं पडून फोन तोंडावर धरायचा नाही. पडतो. नाकावरच पडतो. कुशीवर वळायची परवानगी मिळाली की उशीला टेकवून ठेवायचा, तोवर बोलून लिहायचं. जीबोर्डला, म्हणजे गूगलच्या कीबोर्डला, मराठी व्हॉइस टायपिंग 2017 पासून आहे, साध्या बोलण्याला मस्त चालतं, पण माझ्या वेळी पूर्णविराम-बिराम काही देत नव्हतं आणि तुमचे ते घड्याळाच्या पार्टांचे शब्द म्हणजे... बघा तुम्हीच. आत्ता घरी बसून सराव करा, तिथे जाऊन शिकायला बसू नका.

आणि लांब वायरचा चार्जर. दोन मीटर तरी. प्लग नेहमी डोक्यामागे, हात न पोचणाऱ्या जागी असतो, ते कोण ठरवतं देव जाणे. आधीच लावलेली पिन काढून आपला चार्जर खुपसू नका, ते कशाचं तरी मशीन असतं.

शेड्यूल करण्यात फसवणूक कसली? मासिकांचे दिवाळी अंक काय दिवाळीच्या आदल्या रात्री लिहितात का. फक्त सेटिंगमधे टाइम झोन बरोबर आहे का ते बघा, माझी सकाळची पोस्ट एकदा मध्यरात्री गेली होती.

गुंगीवाली:
मी भूल देण्याच्या कामातच आहे, त्यामुळे एकाच गोष्टीवर बोलते. भूल दिल्यावर पहिले चोवीस तास गाडी चालवू नका, कागदपत्रांवर सह्या करू नका, महत्त्वाचे निर्णय घेऊ नका असं आम्ही पेशंटला सांगतो. ब्लॉगवर पब्लिशचं बटण दाबणं मी त्यातच धरते. पेशंट शुद्धीवर येतो, छान बोलतो, नातेवाइकांना ओळखतो, जोक मारतो आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं एक अक्षर त्याला आठवत नाही. तो त्या अवस्थेत फोनवर काय लिहील याची कल्पना करा.

मोठ्या ऑपरेशननंतर हे चोवीस तासांवर थांबेल असंही नाही, कारण दुखणं थांबवायची तगडी औषधं पुढेही चालू असतात. आणि स्टिरॉइड दिलं असेल तर वेगळीच गंमत, रात्री तीनला टक्क जाग, डोकं भन्नाट चालतंय, आपण आयुष्यातलं सर्वोत्तम लिहितोय असं वाटतं. लिहा ना, कोण अडवतंय. पण ड्राफ्टमधे ठेवा आणि सकाळी, शक्यतो वहिनींना वाचून दाखवून मग टाका.

चार्जरबद्दल एक भर. ऑक्सिजन चालू असेल तर फोन चार्जिंगला लावून उशीखाली किंवा पांघरुणात ठेवू नका. तसाही ठेवू नये, पण तेव्हा तर नाहीच.

कोरापान:
मी वेगळं बोलतो, राग मानू नका. बंद ठेवा. एक पोस्ट टाका की अमुक तारखेपर्यंत ब्लॉग सुट्टीवर आहे, आणि फोन बाजूला ठेवा.

कारण सांगतो. माझा ब्लॉग झाडांवर होता. पोटाच्या दुखण्याने महिनाभर ॲडमिट होतो तेव्हा रोज लिहिलं, वाचक इतके वाढले की बास. आधी वडाच्या पारंब्यांवर लिहिलं की दोन कमेंट यायच्या, आता माझा ताप 101 आहे म्हटलं की चाळीस. चांगली माणसं सगळी, मनापासून लिहायची. पण घरी आल्यावर मी परत झाडांवर लिहिलं तर खाली पहिली कमेंट काय, "टाके सुकले का?" आणि खरं सांगायचं तर मलाही झाडं पुरेनाशी झाली होती, मीच मग बारीकसारीक दुखणी शोधून लिहायला लागलो. सहा महिन्यांत ब्लॉग बंद. आजारपणाने नाही पडला, आजारपणावर लिहिल्याने पडला.

तुमचे ते पंधरा-वीस जण घड्याळांसाठी येतात. त्यांना घड्याळंच द्या नाहीतर काही देऊ नका.

दोनबोटी:
@कोरापान हे जरा जास्तच होतंय. तुमच्या बाबतीत झालं म्हणून सगळ्यांचं होतं का? मला त्या दिवसांत लिहिणं एवढंच एक काम होतं जे माझं मी करत होतो, बाकी सगळं, अगदी अंघोळसुद्धा, दुसरं कोणीतरी करत होतं.

कोरापान:
लिहू नका असं कुठे म्हटलं? छापू नका म्हणतोय.

रात्रपाळी:
या दोघांच्या मधली एक वाट आहे, ती आयसीयूत काम करणाऱ्यांना माहीत असते. आयसीयू डायरी. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनकडे हे बऱ्याच वर्षांपासून चालतं. पेशंट स्वतः लिहीत नाही, त्याच्यासाठी सिस्टर आणि घरचे लिहितात, साध्या भाषेत, आज तुमची नळी काढली, आज मुलगी येऊन गेली, तुम्ही तिचा हात घट्ट धरला होता. कारण आयसीयूतले दिवस पेशंटला एकतर आठवतच नाहीत किंवा भलतंच आठवतं, भिंतीतून माणसं आली, कोणी मारायला टपलंय, असलं. नंतर वही वाचली की खरं काय घडलं ते जागच्या जागी लागतं.

याचा अभ्यासही झालाय. युरोपातल्या सहा देशांत 352 पेशंटवर केलेला एक 2010 साली छापून आला, त्यात डायरी मिळालेल्यांमधे नंतर नव्याने पीटीएसडी, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मनाला जडणारा त्रास, होण्याचं प्रमाण 5 टक्के निघालं, न मिळालेल्यांमधे 13. लगेच उड्या मारू नका, 2019 मधे फ्रान्समधल्या 35 आयसीयूंचा मोठा अभ्यास आला त्यात तसा ठळक फरक दिसला नाही. म्हणजे औषध म्हणून नका बघू. पण घरच्यांना बाहेर बसून हातात काहीतरी काम मिळतं हे मी रोज बघते.

तर दीड-दोन दिवसांचं लिखाण वहिनींकडे द्या. साधी वही, ब्लॉगसाठी नाही. पुढे त्यातलं काय बाहेर काढायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

अजून एक, हे जरा कडक शब्दांत सांगते. वॉर्डातले फोटो टाकताना मनगटावरचा पट्टा झाका, त्यावर नाव आणि पेशंट नंबर असतो. मागच्या पलंगावरच्या माणसाने तुमच्या ब्लॉगवर यायला होकार दिलेला नसतो. आणि सिस्टरचं नाव कौतुकाने लिहिता ना, तेही आधी विचारून.

कुलूपकिल्ली:
सगळ्यांनी भारी सांगितलंय, माझं एवढंच की पासवर्ड आणि ओटीपीचं बघून ठेवा. ऑपरेशनच्या दिवशी फोन घरच्यांकडे असणार, त्याला तुमच्या अंगठ्याचं लॉक, आणि अंगठा थिएटरात. वहिनींना ब्लॉगवर वेगळं लॉगिन देऊन ठेवा, म्हणजे वेळ पडली तर "ऑपरेशन नीट झालं" ही एक ओळ त्या टाकू शकतील. ती ओळ दिसली नाही तर ते पंधरा-वीस जण मेल करून करून पार वेड लावतील. आणि आम्ही घरी नाही असं तारखांसकट जाहीर करू नका हो, घर रिकामं असणार असेल तर.

चावीवाला:
बापरे, एवढं सगळं येईल वाटलं नव्हतं. ठरलं ते असं. दोन पोस्ट लिहून शेड्यूल केल्या, दोन्ही घड्याळांवरच, कोरापान यांचं मनाला लागलं. खाली एक ओळ टाकलीये की ही आधी लिहिलेली आहे, सध्या मी दुरुस्तीला गेलोय. वही आणली. बायको म्हणाली मी काय लिहिणार, मला कुठे येतं, आणि तिथल्या तिथे पहिल्या पानावर लिहिलं, "आज वही आणली. याला भीती वाटतेय पण चार्जरबद्दलच बोलतोय."

चावीवाला: (तेवीस दिवसांनी)
अजून वॉर्डातच आहे, बोलून लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. ऑपरेशन नीट झालं. एक टाका चिघळला म्हणून मुक्काम वाढला. सुई डाव्या हाताला सांगायला विसरलो, उजव्यालाच बसली, तीन दिवसांनी बदलली तेव्हा सांगितलं.

व्हॉइस टायपिंगने बॅलन्स व्हीलचं बाळंत व्हील केलं आणि मेन स्प्रिंगचं मेणस्प्रिंग, ते मी तसंच ठेवलंय, वाचक खूश आहेत.

गुंगीवाली ताई, रात्री तीनचा तुमचा अंदाज बरोबर निघाला. वेळ या विषयावर अकराशे शब्द बोललो होतो. सकाळी बायकोला ऐकवलं, तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली पाणी देऊ का. डिलीट केलं.

वहीतली चौदा पानं भरलीत. अजून वाचली नाहीत, ती म्हणते घरी गेल्यावर.

तिसऱ्या रविवारी शेड्यूल संपलं. माझं घड्याळ थिएटरात जातानाच काढून घेतलेलं, वॉर्डातलं भिंतीवरचं सात मिनिटं मागे, ते बघून बघून हात शिवशिवत होते. मग सलाईनच्या बाटलीखाली जी छोटी पारदर्शक कुपी असते ना, तिच्यात थेंब पडताना बघत बसलो. सिस्टरना विचारलं तर म्हणाल्या, या सेटला वीस थेंबांचा एक मिली होतो, तुम्हाला तासाला शंभर मिली चालू आहे, हिशेब तुम्हीच करा. मिनिटाला तेहतीस थेंब येतात. जुनं चावीचं मनगटी घड्याळ साधारण तासाला 18,000 ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच, त्यापुढे हे फारच आळशी. सिस्टरनी छातीला लावलेलं घड्याळ धरलं, मी थेंब मोजले, एकतीस भरले. त्यांनी नळी दाबून थेंब कमी-जास्त करणारी चाकी किंचित सैल केली, परत मोजले, तेहतीस.

रविवारची पोस्ट तेवढीच टाकली. सिस्टरना विचारून, नाव न लिहिता. एका वाचकाने विचारलंय की ती चाकी नळी नेमकी कशी दाबते, आज ड्युटीवर कोण येतं बघतो.