मदत हवी आहे: अगत्ती ते पोर्ट ब्लेअर विमानानं किती अंतर, किती वेळ?

परभणीकर
फेब्रुवारीत लक्षद्वीप आणि अंदमान एकाच फेरीत करायचं ठरायलंय. सहा जण, परभणीहून निघणार. आधी अगत्ती, मग पोर्ट ब्लेअर. एका ठिकाणी अंतर १,२११ दाखवायलंय, दुसरीकडं २,२४३. खरं कोणतं? वेळ सव्वातीन तास दिलीय, पण थेट विमान काही सापडंना.

गोदाकाठ
दोन्ही खरे आहेत, भाऊ. १,२११ हे सागरी मैल. १.८५२ नं गुणा, २,२४३ किलोमीटर येतात. सव्वातीन तास म्हणजे ताशी ८०० किमीनं भागून चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवलेला. हा हिशोब जेटचा झाला. अगत्तीची धावपट्टी जेमतेम १,२०० मीटर, तिथं एटीआर-७२ सारखं पंख्याचं विमान उतरतं. त्याचा वेग ताशी ५०० च्या आसपास, आणि पूर्ण प्रवासी घेऊन ते एका दमात साधारण १,५०० किमीच जातं. म्हणून थेट विमान नाही.

खरा रस्ता असा: अगत्ती–कोची ४७० किमी, कोची–चेन्नई ५२०, चेन्नई–पोर्ट ब्लेअर १,३७०. बेरीज २,३६०, म्हणजे सरळ रेषेपेक्षा फक्त सव्वाशे किमी जास्त. हवेतला वेळ दीड, सव्वा आणि सव्वादोन, असे पाच तास धरा. बाकी सगळा वेळ विमानतळावर बसण्यात जातो.

मांजराकाठ
एका दिवसात जमवू नका. हवा बिघडली की अगत्तीचं छोटं विमान रद्द होतं, आणि त्याच दिवशी सहा जणांना दुसरी जागा मिळणं अवघड. पुढचं तिकीट वेगळ्या पीएनआरवर असेल तर ते बुडालंच समजा, दुसरी कंपनी थांबत नाही. सामानही कोचीला उतरवून पुन्हा द्यावं लागतं. कोचीत एक मुक्काम ठेवाच.

माझं मत, क्रम उलटा करा: आधी अंदमान, शेवटी अगत्ती. मग परतीला विमान चुकलं तरी फार तर घरी एक दिवस उशिरा पोचाल, अंदमानची महागडी तिकिटं अडकणार नाहीत. लक्षद्वीपचं परमिट हातात आल्याशिवाय तिकडचं तिकीट काढू नका. त्यावरच्या तारखा पक्क्या असतात.

परभणीकर
उलटा क्रम पटला. घड्याळ बदलावं लागतं का?

गोदाकाठ
नाही, दोन्हीकडं भारतीय वेळच. पण रेखांशात साडेवीस अंशांचा फरक, म्हणजे सूर्याच्या हिशोबानं ८२ मिनिटं. फेब्रुवारीत पोर्ट ब्लेअरला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, अगत्तीला पावणेसातच्या. अंदमानात फिरायचं ते पहाटे उठून दुपारपर्यंत उरकायचं असं ठरवा.

आणखी एक. सप्टेंबर २०२४ पासून पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम झालंय. नावावरून गोंधळ होऊ नये म्हणून तिकिटावर आयएक्सझेड हा कोड बघा, अगत्तीचा एजीएक्स.

मांजराकाठ
परभणीहून रेल्वेनं हैदराबाद, तिथून चेन्नईचं विमान धरा. येताना कोची–हैदराबाद. मुंबईला जाऊन उलटं खाली यायची गरज नाही.